वाटीतली सात पिल्लं

टाळेबंदी लागली तेव्हा बारामतीहून आमच्या वस्तीकडं एकच गाडी येत होती, ती दुधाची. सकाळी भरलेले कॅन न्यायचे, दुपारी रिकामे आणून टाकायचे. त्या रिकाम्या कॅनच्या रांगेत एके दुपारी माझे हायड्रा आले. काचेच्या दोन बरण्या, वर जाळीचं फडकं, एक थर्मास, एक पाण्याचा कॅन आणि खोक्यात घातलेला कॉलेजचा जुना मायक्रोस्कोप. ड्रायव्हरनं ते सगळं मांडीवर घेतल्यासारखं जपून आणलं होतं. उतरवताना मात्र तो वैतागून म्हणाला, "ताई, बरणीत तर काहीच न्हाय. नुसत्या पाण्यासाठी एवढी काळजी घ्यायला लावली व्हय तुमच्या सरांनी?"

त्याला दिसले नाहीत यात त्याचा दोष नव्हता. हायड्रा म्हणजे जेमतेम भाताच्या शिताएवढं जनावर. पारदर्शक, नळीसारखं. खाली चिकट पाय, त्या पायानं ते काचेला धरून उभं राहतं. वर तोंड आणि तोंडाभोवती पाच-सहा दोऱ्यांसारखे हात. मराठी पुस्तकात त्याला जलव्याल म्हणतात, पण एवढ्याशा जिवाला एवढं भयंकर नाव आम्ही कधीच वापरलं नाही.

मी तेव्हा बारामतीला एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राला होते, प्राणिशास्त्राला. आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या पुढं, कालव्याच्या अंगाला. वडील मी दहावीत असतानाच गेले होते. घरात आई आणि मी, गोठ्यात तीन गाई. कॉलेज बंद झालं, होस्टेल रिकामं करा म्हणाले, आणि मी कपड्यांची एक पिशवी घेऊन घरी आले. हायड्रा तिथंच राहिले. दोन दिवसांनी माझ्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. "इथं वीज आहे, पाणी आहे, पण खायला घालायला माणूस नाही. मरतील. तू घेतेस का घरी?" मी विचार न करता हो म्हणाले. उतावीळपणा माझा जन्मजात आहे, आणि रागही. दोन्ही मी आईकडून घेतलेत, फक्त ती ते लपवू शकते.

ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं, हे सांगायला थोडी लाज वाटते, कारण लोकांनी तेव्हा फार सोसलं. पण आमच्या वस्तीवर ते दोन महिने फार शांत गेले. बारावीनंतर इतके दिवस सलग मी आईजवळ राहिलेच नव्हते. सकाळी धारा, मग चहा, मग पडवीतल्या टेबलावर माझ्या वाट्या. शीतपेयाच्या बाटलीत मिठाचं पाणी करून मी त्यात खाऱ्या पाण्यातल्या बारीक किड्यांची अंडी उबवायची, दोन दिवसांत नारिंगी ठिपके पोहायला लागले की गाळून, धुऊन हायड्रांना घालायची. आई बाजूला बसून बघायची. एखाद्या हायड्रानं किड्याला हात लावला की किडा जागच्या जागी लुळा पडायचा. "बया, इख हाय की हातात!" आई म्हणायची आणि पुन्हा पुढचा घास जाईपर्यंत हलायची नाही.

तिला मी सगळं समजावून सांगत होते. दुसरं ऐकायला होतं तरी कोण?

हायड्राच्या अंगावर, कमरेच्या खाली, एक फोड येतो. फोड लांबतो, त्याला तोंड फुटतं, हात फुटतात. तीन-चार दिवसांत आईच्या कुशीला चिकटलेला दुसरा हायड्रा तयार होतो आणि एक दिवस सुटून जातो. इथवर शाळेतही शिकवतात. माझं काम होतं त्या सुटण्याच्या जागेचं. आई आणि पिल्लू एकाच कातडीचे, एकाच पेशींचे, पोटातली पोकळीसुद्धा एकच. मग पेशींना कळतं कसं, की आई इथं संपली आणि इथून पिल्लू सुरू झालं? तर तिथं पेशींची एक कडी तयार होते. कडीच्या अलीकडची पेशी शेजारणीला अक्षरशः हात लावते, त्या स्पर्शानं शेजारणीचा बेत बदलतो, ती वेगळी होते. या निरोपाला नॉच म्हणतात. असा निरोप कडीभर फिरला की शीव, म्हणजे हद्द, आखली जाते. मग शिवेवर पिल्लाच्या बाजूनं पाय तयार होतो, आणि पाय झाला की पिल्लू सुटतं.

"म्हंजी आदी बांध, मग पाय, मग वाटणी," आई म्हणाली. मी दोन वर्षं जे वाचत होते ते तिनं विळीवर बसून गवार चिरता चिरता एका दमात सांगितलं.

थर्मासमध्ये जे औषध होतं ते हा निरोपच अडवणारं होतं. औषधाच्या पाण्यात ठेवलं की पेशी एकमेकींना हात लावतात, पण निरोप पोचत नाही. शीव पडत नाही, पाय होत नाही, पिल्लू मोठं होतं तरी आईला चिकटूनच राहतं. माझ्या तीन वाट्यांत औषध होतं, तीन वाट्यांत साधं पाणी. प्रत्येक वाटीत दहा हायड्रा, प्रत्येकाच्या अंगावर नुकता आलेला फोड. साध्या पाण्यातली पिल्लं चौथ्या दिवशी सुटणार, औषधातली पाचव्या दिवशीही सुटता कामा नयेत. पाचव्या दिवशी संध्याकाळी मोजायचं, फोटो काढायचे आणि सरांना पाठवायचे.

सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, आणि फोन मी स्पीकरवर टाकला होता, कारण पडवीत आवाज तुटत यायचा. "चिकटून राहिली पाहिजेत, तेच तुझं उत्तर. औषध एवढंच आहे, दुसऱ्यांदा जमणार नाही. बंगळूरच्या संस्थेत एकच जागा आहे आणि ते मला तुझं काम मागतायत. हे हाती आलं की त्याच दिवशी मी पत्र पाठवतो." आई तेव्हा उंबऱ्यात बसून दुधाचा कॅन घासत होती. बंगळूर हा शब्द घरात पहिल्यांदा त्या दिवशी उच्चारला गेला. तिनं काही विचारलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही.

आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात कुणाची गाय व्यायला अडली आणि डॉक्टर लांब असला, की लोक आईला बोलवायला येतात. वासराचा एक पाय दुमडलेला असेल, मान वळलेली असेल, तर ती हाताला तेल लावून आत हात घालते, डोळे मिटते आणि नुसत्या बोटांनी बघते. ओढायचं कधी आणि थांबायचं कधी हे तिला कळतं. त्या बाबतीत तिचा हात एवढा नावाजलेला, की पाहुण्यांत तिची ओळखही तशीच करून देतात.

पाचव्या दिवशी दुपारी मला कॉलेजचा ऑनलाइन तास होता. घरात तेवढी रेंज नव्हती, त्यासाठी कालव्याच्या भरावावर जाऊन लिंबाखाली बसावं लागायचं. सकाळी एका गाईला ताप होता, त्या गडबडीत माझी वाट्यांची रोजची मोजणी राहिली होती. आल्यावर मोजू म्हणून मी गेले. दीड-दोन तासांनी परत आले तर आई टेबलापाशी उभी. तिच्या हातात ब्लेडचा अर्धा तुकडा आणि समोर माझं भिंग.

"अडली व्हती बिचारी," ती म्हणाली. "पाच दिस झालं, पिल्लू सुटंना. साध्या पान्यातली सगळी मोकळी झाली, ही आपली तशीच. सोडवली मी."

औषधाच्या तिन्ही वाट्यांत मिळून आठ पिल्लं सुटी पडलेली होती.

पुढचं मी जे बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं आणि ते सगळं मी इथं लिहिणार नाही. आधी ओरडले. मग हातातली वही भिंतीवर फेकली. आणि शेवटी म्हणाले, "तू मुद्दाम केलंस. सर काय म्हणाले ते तू ऐकलं होतंस. मी जाऊ नये म्हणून केलंस तू हे."

आईनं ब्लेड खिडकीत ठेवलं, पदराला हात पुसले आणि गोठ्याकडं निघून गेली.

मी टेबलाशी बसून रडले. मग, खरं सांगते, डोक्यात एक घाण विचार आला. कुणाला कळणार होतं? तीसपैकी तीस चिकटलेली, असं वहीत लिहायचं. फोटो बावीस जणांचे काढायचे. उत्तर काय येणार होतं ते मला माहीतच होतं. मी पेन उचललंसुद्धा. पण आकडा लिहिताना हात अडला. आठांतली सगळी आईनं कापली की एखादं औषधाला न जुमानता आपण होऊन सुटलं, हेच मला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायला मी तिच्याकडं जाणार नव्हते.

अर्ध्या तासानं फोन शोधायला लागले तर फोन जागेवर नाही. बाहेर आले. लांब कालव्याच्या भरावावर, लिंबाखाली, आई फोन कानाला लावून उभी होती. तिला नंबर लावता येत नव्हता, पण शेवटचा कॉल सरांचा होता आणि हिरवं बटण तिला ओळखू येत होतं. मी धावत गेले, तोवर तिचं बोलून होत आलं होतं.

"न्हाय सर, पोरीची कायबी चूक न्हाय. माज्या हातानं झालंय. सात मी कापली. पैल्या वाटीतली दोन, मधल्या वाटीतली चार, कडंच्या वाटीतलं येक. आठव्याला मी शिवले न्हाय, त्ये आदीच सुटलेलं व्हतं. व्हय, नक्की सातच. मोजून सांगती."

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि माझ्याकडं न बघता उतारावरून खाली निघाली. सर तापट म्हणून कॉलेजात प्रसिद्ध. मी शिव्या खायची तयारी ठेवली. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता जा आणि त्या आठांचे पाय बघ. उद्या बघून उपयोग नाही, उद्या पाय उगवायला लागतील."

मी अशी पळाले की एक चप्पल भरावावरच राहिली.

मायक्रोस्कोपचा आरसा उजेडाकडं वळवला आणि एकेक पिल्लू बघितलं. पहिलं, पाय नाही. खालचं टोक नुसतं तोडलेलं, चिकटायला काही नाही, त्यामुळं पाण्यात कलंडत होतं. दुसरं तसंच. तिसरं, चौथं, सातही तशीच. आठवं मात्र वाटीच्या काचेला घट्ट पाय रोवून सरळ उभं होतं, हात पसरून, घासाची वाट बघत. जे आपण होऊन सुटलं त्याच्यापाशी शीव पडली होती, म्हणून पायही झाला होता. जी आईनं कापली त्यांना शीवच नव्हती. आईचा शब्द वाटीत दिसत होता, आणि तो एकाही पिल्लानं खोटा पाडला नव्हता.

मी सरांना फोटो पाठवले. तीसपैकी एकोणतीस पाचव्या दिवसापर्यंत चिकटून होती, त्यांतली सात कापली गेली, कापलेल्यांना पाय नव्हता. सर म्हणाले, "कुणी कापली तेही लिही. जसं झालं तसंच लिही. जे मलाही सुचलं नसतं, ते तुझ्या आईनं करून दाखवलं." त्याच संध्याकाळी त्यांनी बंगळूरला पत्र पाठवलं.

मी गोठ्यात गेले. आई तापातल्या गाईच्या कपाळावर ओलं फडकं फिरवत बसली होती. मी तिचे पाय धरले. शेणाचे, ओले पाय. म्हटलं, "आई, चुकलं माझं. तू अडली म्हणून सोडवलीस आणि मी तुझ्यावर काय आळ घेतला. मला माफ कर." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे," एवढंच म्हणाली. त्या रात्री तिनं भाकरी केली नाही, आम्ही दोघींनी दुपारच्याच खाल्ल्या.

जागा मला मिळाली. पुढं वाहतूक सुरू झाल्यावर मी बंगळूरला गेले आणि तिथंच पीएच.डी.ला लागले. हायड्रा आजही माझ्या टेबलावर आहेत, आता चांगल्या काचेत आणि चांगल्या दिव्याखाली. पहिल्या वर्षी मी रोज घरी फोन करायची, मग दोन दिवसांआड, मग रविवारी. आई कधी कुरकुरली नाही. गाईंचं सांगायची, कालव्याला पाणी सुटल्याचं सांगायची. तीन गाईंच्या दोन झाल्या, तेही असंच बोलता बोलता कळलं.

आणि वाट्यांची ती गोष्ट मी सांगत राहिले. कॅन्टीनमध्ये, परिषदेत, मुलाखतीत, नव्या मुलांना. ती माझी हुकमी गोष्ट झाली. खेड्यातली भोळी आई, तिला वाटलं हायड्रा गाईसारखा अडलाय, तिनं ब्लेड घेतलं आणि प्रयोगाचा विचका केला, आणि त्या विचक्यातूनच कसं उत्तर निघालं. लोक पोट धरून हसायचे. मी आईच्या बोलीत "अडली व्हती बिचारी" म्हणायची आणि नेमकं तिथं थांबायची, म्हणजे हशा पुरेसा पिकायचा.

यंदा सर निवृत्त झाले. कॉलेजनं त्यांचा निरोप समारंभ ठेवला, मला बोलायला बोलावलं. मी सुट्टी काढून आले आणि आईला बरोबर घेऊन बारामतीला गेले. ती ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. तिला मी पुढच्या रांगेत बसवलं. भाषणात तीच गोष्ट सांगितली, कारण सरांची गोष्ट तिच्याशिवाय पुरी होत नव्हती. हॉल हसला, टाळ्या पडल्या. मी हातानं आईकडं खूण केली, लोकांनी वळून बघितलं. तिनं बसल्या जागेवरून हात जोडले. सरांनी स्टेजवरून उतरून तिला वाकून नमस्कार केला. मला वाटलं, आज मी तिचे पांग फेडले.

परतीला आम्ही इंदापूरची एसटी धरली. गाडी अर्धी रिकामी होती. भवानीनगर येईपर्यंत आई खिडकीतून उसाकडं बघत होती. मग माझ्याकडं न वळता म्हणाली, "ती गोष्ट तू नेहमी सांगतीस?"

"हो. लोकांना आवडते."

"आवडू दे. पर त्यात मला अडाणी करू नको."

"आई, अडाणी कुठं केलं? कौतुक केलं तुझं."

"गाय अडली तर कळतं मला," ती म्हणाली. "आन् न्हाय अडली तरी कळतं. तुजी ती जनावरं अडली न्हवती. खात व्हती, हात पसरत व्हती. अडलेलं जनावर खात न्हाय."

गाडीच्या खिडक्या खडखडत होत्या.

"सर काय म्हणालं, त्ये मी ऐकलं व्हतं. चिकटून ऱ्हायली तर तू जानार. मंग मी ब्लेड घेतलं. तू बोललीस त्ये सगळं खरं व्हतं."

"मग तू मला काहीच का बोलली नाहीस?"

"खोटं असतं तर भांडले असते. खरं व्हतं म्हून उठून गेले." तिनं पदर सारखा केला. "गोठ्यात बसले तर सुचंना. तुझं रडणं तिकडं ऐकू येत व्हतं. म्हून सरांला फोन लावला. आन् मंग तू येऊन पाय धरलंस. तवा तरी सांगायला पायजे व्हतं मी. तोंडच उघडलं न्हाय."

इतकी वर्षं मी तिची माफी मागितल्याचं समाधान जवळ बाळगलं होतं. त्या माफीच्या बळावर मी निर्धास्त गेले होते, रविवारच्या रविवार फोन केला होता, तिला भोळी म्हणून शंभर लोकांना हसवलं होतं. आणि तिनं ते सगळं ऐकून घेतलं होतं, आज पुढच्या रांगेत बसून, हात जोडून.

"सात जनावरं मारायला निघाले व्हते मी," ती म्हणाली, "मी, जी लोकांची वासरं वाचवत फिरती. भोळी न्हाय मी. मला तू हवी व्हतीस."

ती आयुष्यात असं कधी बोलली नव्हती. मी तिचा हात धरला. खरबरीत, गरम हात.

"आता?" मी विचारलं. मला विचारायला भीती वाटत होती.

"आता बी हवीस," ती म्हणाली. "त्यात काय बदलायचंय?"

आमचा फाटा आला. ती माझ्याआधी उठली आणि दांडीला धरून दाराकडं चालू लागली.